मोडी पत्रांची डागडुजी, स्कॅनिंग आणि लिप्यंतर : धुळ्यातील एका सेवेचा अनुभव

पारोळ्याच्या आमच्या जुन्या घरात लाल रुमालात बांधलेले एक दप्तर होते. त्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील घरगुती पत्रे, काही हिशेबाचे कागद आणि एक अपुरी पोथी होती. हे सर्व गेल्या हिवाळ्यात धुळ्यातील एका खासगी सेवेकडे सोपवले. तेथे जुन्या कागदांची डागडुजी, स्कॅनिंग आणि मोडीचे देवनागरी लिप्यंतर ही तिन्ही कामे होतात.

डागडुजीला नाव ठेवायला जागा नाही. खानदेशच्या उन्हाळ्यात कागद इतका कोरडा होतो की घडी उलगडतानाच तो तुटतो आणि पावसाळा लागला की कसर लागते. आमच्या पत्रांवर दोन्हींच्या खुणा होत्या. कारागिराने कागदाला हात लावण्यापूर्वी शाई तपासली, कारण काजळाची शाई ओलाव्याने पसरते, तर हिराकशीची (लोहक्षाराची) शाई कालांतराने कागदच खात जाते, आणि एकाच दप्तरात दोन्ही सापडतात. तुटलेल्या घड्यांना मागून पातळ जपानी कागद गव्हाच्या खळीने लावला आहे. ही खळ पुढे कधी काढावी लागली तर पाण्याने सुटते. आमच्यापैकीच कोणीतरी पूर्वी लावलेली चिकटपट्टी त्यांनी सोडवली, तिचा पिवळा डाग मात्र राहिला, आणि तो राहणारच होता. पुन्हा काढता न येणाऱ्या लॅमिनेशनचे नावही येथे कोणी काढले नाही, ही गोष्ट मला सर्वांत आश्वासक वाटली.

स्कॅनिंग ६०० डीपीआयला, रंगीत, वरून प्रतिमा घेणाऱ्या यंत्रावर झाले, त्यामुळे पोथीची पाने दाबली गेली नाहीत. पोस्टकार्डांची पत्त्याची बाजू मात्र आधी वगळली होती. सांगितल्यावर ती विनातक्रार करून दिली.

लिप्यंतराबाबत मी इतका समाधानी नाही. मोडीत इकार-उकाराचा ऱ्हस्व-दीर्घ भेद नसतो, तेव्हा तेथे वाचकाला निवड करावीच लागते, हे मान्य आहे. परंतु अहिराणी वळणाची वाक्येही प्रमाण मराठीत बसवलेली आढळली, आणि ती कोठे बदलली याची खूण कोठेच नाही. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. सर्व शकांमध्ये सरसकट ७८ मिळवून इसवी सन दिले आहेत. शक चैत्रात बदलतो, म्हणून माघ-फाल्गुनातील पत्रांसाठी ७९ मिळवावे लागतात. माघ शुद्ध पंचमी, शके १८०४ असे लिहिलेले पोस्टकार्ड त्यांनी १८८२ मध्ये टाकले होते. उशिरा स्कॅन झालेल्या पत्त्याच्या बाजूवरील टपालाच्या शिक्क्यात १८८३ स्पष्ट वाचता येते. भारतात पोस्टकार्ड १८७९ मध्ये, पाव आण्याला, सुरू झाले. त्यामुळे त्या काळातील घरगुती मजकुराच्या पत्रांचा काळ ठरवताना हा शिक्का मितीइतकाच कामाचा असतो.

चुका दाखवल्यावर सन दुरुस्त करून मिळाले, भाषेतील बदल मात्र तसेच आहेत. कागद आणि प्रतिमा यांसाठी ही सेवा मी निःशंकपणे सुचवेन. लिप्यंतराचे पैसे वेगळे आकारले जातात, तेव्हा ते काम तेथे देण्याऐवजी प्रतिमा घेऊन मोडीच्या जाणकाराकडे जावे; १९२७ पासून राजवाडे संशोधन मंडळ ही इतिहास-संशोधनाची संस्था असलेल्या शहरात असा जाणकार शोधणे फार अवघड नसावे. तेथेच द्यायचे असेल, तर शब्दशः प्रत हवी आणि मूळ मिती जशीच्या तशी हवी, हे पावतीवर लिहून घ्यावे.