राजदूत ३५०च्या पुढच्या शॉकअपमध्ये इम्युलेटर: नऊ महिने, बेचाळीसशे किलोमीटर आणि एक न काढलेली बर

दिवाळीआधी हे लिहिलं असतं तर या इम्युलेटरला, म्हणजे जुन्या शॉकअपमध्ये नंतर बसवायच्या तेलाच्या झडपेला, डोळे झाकून पाचपैकी पाच दिले असते. पण भाऊबीजेला वैभववाडीहून परत येताना भुईबावडा घाट चढलो, गगनबावड्यात चहाला थांबलो, आणि बघतो तर शॉकअपच्या उजव्या बॉटम केसवरून (खालच्या जाड नळीवरून) तेलाचा ओघळ पार ब्रेक प्लेटपर्यंत आलेला. या गाडीला पुढं ड्रम आहे. राजदूत ३५० म्हणजे यामाहा आरडी ३५०ची भारतीय आवृत्ती; मूळ यामाहाला डिस्क होती, ती फरीदाबादच्या कारखान्यात येईपर्यंत गळाली. ड्रममध्ये तेल शिरलं की पुढचा ब्रेक नुसता शोभेला. तिथून कोल्हापूर पंचावन्न किलोमीटर. मागच्या ब्रेकवर, एका एस.टी.च्या मागं मागं आलो. डबीत बहिणीनं दिलेल्या करंज्या होत्या, त्यांचा चुरा झाला. तो दोष मात्र इम्युलेटरचा नाही.

माझी गाडी ८५ची, हाय टॉर्क, म्हणजे जास्त ताकदीची आवृत्ती. माझं वजन ८६ किलो. गाडीवर बसलो की पुढचं टोक ५२ मि.मी. खाली जायचं, म्हणजे निम्मा खेळ जागेवरच संपलेला. ब्रेक दाबला की नाक खाली, आणि धारदार खड्डा आला की तोच मऊ शॉकअप दगडासारखा. एकाच शॉकअपची ही दोन तोंडं मला कितीतरी वर्षं कळली नव्हती. शॉकअपच्या आत तेलाला अडवणारी नळी असते, तो डॅम्पर रॉड; जुन्या रॉडला नुसती छिद्रं असतात. तेलाचा वेग दुप्पट झाला की अडथळा चौपट होतो. त्यामुळं हळू दाबलं तर अडवायला कोणी नाही, आणि जोरात आदळलं तर तेलाला जायला वाट नाही. जाड तेल घातलं की ब्रेक सुधारतो आणि खड्डे मनगट मोडतात.

इम्युलेटर म्हणजे रॉडच्या डोक्यावर बसणारी, स्प्रिंगनं दाबून धरलेली छोटी झडप. आदळलं की ती उघडते आणि तेलाला वाट देते. खालची छिद्रं मग अडथळा म्हणून उरवायची नसतात, म्हणून ती मोठी करायची: एकूण सहा, आठ एमएमची. परतीचा खेळ (दबलेला शॉकअप पुन्हा वर येणं) पहिल्यासारखाच तेलाच्या जाडीवर चालतो. म्हणजे तेल परतीसाठी निवडायचं आणि दाबाचं काम झडपेवर सोडायचं. या विभागणीसाठीच मी पैसे मोजले. कस्टम्स धरून तेवीस हजार. घरी आठ सांगितलेत.

बसवणं अवघड नाही. खालचा अॅलन बोल्ट सोडताना आतला रॉड गरगर फिरतो. त्याला झाडूचा दांडा टोकदार करून ठोकला की तो गप्प बसतो. झडप नीट टेकावी म्हणून उद्यमनगरात अॅल्युमिनियमच्या दोन रिंगा लेथवर करून घेतल्या, आणि छिद्रंही तिथंच पाडली. नव्या स्प्रिंगा नमुना देऊन बनवल्या, एक मि.मी. दाबायला पाऊण किलो लागेल अशा. स्पेसर, म्हणजे स्प्रिंगच्या वर बसणारी नळी, झडपेच्या उंचीएवढा आखूड करायचा असतो. मी तो पीव्हीसी पाइपचा कापला, दोन्ही टोकांना वॉशर. अठरा रुपये. संपूर्ण कामात समाधान देणारा हा एकमेव आकडा.

पहिल्या आठवड्यात मी वेडा झालो होतो. रंकाळ्याजवळचे गतिरोधक मुद्दाम शोधून त्यांवरून गेलो. नाक डुबणं गेलं, बसल्यावरचा खाली जाण्याचा आकडा ३४वर आला. पन्हाळ्याच्या वळणांवर गाडी एका रेषेत राहू लागली.

आता मुख्य रड. झडपेची सेटिंग स्क्रू शॉकअपच्या पोटात आहे. पोटात! अर्धा आटा फिरवायचा तर गाडी पुढून उचला, हँडल सोडून टाकीवर टेकवा, वरचे बोल्ट काढा, स्पेसर काढा, तेल गळणारी स्प्रिंग काढा, आणि मग विहिरीत पडलेली बादली गळानं काढावी तशी झडप काढा. मी सायकलच्या स्पोकचा आकडा केलाय. दोन आट्यांनी सुरुवात केली, ते कडक वाटलं. एकवर आणलं, नाक पुन्हा डुबायला लागलं. शेवटी दीड. प्रत्येक वेळी तेलाची पातळी पुन्हा मोजायची: स्प्रिंग बाहेर, शॉकअप पूर्ण दाबलेला, वरून १४० मि.मी. तीन रविवार गेले. तेवीस हजारांच्या वस्तूला बाहेरून फिरवायला एक खुंटी देता येत नाही? हल्लीच्या मोठ्या गाड्यांच्या शॉकअपना वरच असते, हे मला माहीत आहे, आणि म्हणूनच राग जास्त येतो.

तर गळती. उघडल्यावर उजव्या बाजूचं तेल रुपेरी रंगासारखं दिसलं. झडपेच्या पट्टीखाली नखाएवढी धातूची किस अडकलेली, सील गेलेलं. पाडलेल्या छिद्रांच्या आतल्या कडेला बोट फिरवलं तर कापलं. बर, म्हणजे छिद्र पाडल्यावर कडेला उरणारी धातूची धार, काढलेलीच नव्हती. दोनेक महिने नाक पुन्हा जरा डुबतंय असं वाटत होतं, त्याचं कारणही तीच किस. मी मात्र झडपेला शिव्या घालत होतो.

रॉड घेऊन उद्यमनगरातल्या लेथवाल्या मिस्त्रींकडं गेलो. ते चष्मा वर करून म्हणाले, "आवो दादा, छिद्रं पाडायला सांगितलंसा, पाडली. बर काढ म्हनून कुटं सांगितलंसा?" वाद अर्धा तास चालला. मध्ये चहा आला, तोही माझ्या पैशानं. खरं सांगायचं तर जोडण्याआधी आतून बोट फिरवणं माझं काम होतं. त्या दिवशी ते मान्य केलं नाही.

मागं फिरायलाही वाट नाही. मोठ्या छिद्रांचा रॉड झडपेविना घातला तर दाबाला अडवणारं काहीच उरत नाही, आणि अस्सल न भोकलेली जोडी मागायला गेलं की लोक सोनाराच्या दुकानातल्यासारखे बोलतात.

आणखी एक गोष्ट, जी लिहायला जिवावर येतंय. मित्राच्या राजदूतला आम्ही फक्त तसल्याच स्प्रिंगा, नवे सील आणि ताजं तेल घातलं. सगळं मिळून साडेतीन हजारांच्या आत. पन्हाळ्यापर्यंत ती चालवली, माझ्या गाडीत आणि तिच्यात मला फारसा फरक जाणवला नाही. परतताना उखडलेल्या पट्ट्यावर मात्र जाणवला: त्याचं हँडल हातात ठोके देत होतं, माझं नाही. म्हणजे पहिल्या आठवड्यातल्या माझ्या वेडात बारा आणे स्प्रिंगांचे होते. उरलेल्या चार आण्यांना तेवीस हजार पडले. पाचाचे साडेतीन करतोय. खुंटी असती तर चार दिले असते.

हे सगळं मित्राला समजावून सांगितलं. त्यानं माझी गाडी उखडलेल्या पट्ट्यावरून एकदा नेली आणि त्याच रात्री ऑर्डर टाकली. त्याचे रॉड घेऊन पुन्हा त्याच मिस्त्रींकडं गेलो, कारण छिद्रं ते सरळ पाडतात. या वेळी पावतीवर मीच लिहिलं: आठ एमएमची सहा छिद्रं, आतून-बाहेरून बर काढून. मिस्त्रींनी ते दोनदा वाचलं आणि दर दीडशेनं वाढवला.