वीस रुपयांची एनर्जी ड्रिंक, अख्खं सेमिस्टर: वापरानंतरचा अनुभव

आधी निकाल. महिन्यातून दोन-चारदा, वेळ बघून घेतली तर बाटली पैसा वसूल. रोज घेतली तर काही आठवड्यांत तिचा गुण जातो आणि नुसती सवय उरते.

सोलापुरात केगावच्या विद्यापीठापासून सात रस्त्यापर्यंत कुठल्याही टपरीच्या फ्रीजमध्ये ही बाटली पाण्याच्या बाटलीला खेटून उभी असते. घोळ तिथूनच सुरू होतो. उन्हाळी परीक्षा आणि चाळिशीपार गेलेला पारा एकदमच येतात, घसा कोरडा पडतो आणि हात तिकडे जातो. पण हे तहान भागवायचं पेय नव्हे. उन्हातून आल्यावर आधी पाणी किंवा ताक, मग वाटलंच तर हे.

आता लेबल बघा. एफएसएसएआयच्या (म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) नियमानुसार अशा पेयात लिटरला 145 ते 300 मिलिग्रॅम कॅफिन चालतं, आणि दिवसाला 500 मिलिलिटरपेक्षा जास्त पिऊ नये अशी सूचना छापावी लागते. आकडे बहुधा 100 मिलिलिटरचे असतात, म्हणजे 250 च्या बाटलीला अडीचने गुणायचं. रेड बुलच्या 250 च्या कॅनमध्ये कॅफिन साधारण 75 मिलिग्रॅम आणि साखर 27 ग्रॅम, म्हणजे पाच चमच्यांच्या वर. टॉरिन, जीवनसत्त्वं वगैरे नावं भारदस्त आहेत, पण झोप पळवण्याचं काम कॅफिनच करतं. तेवढंच कॅफिन मगभर कडक इन्स्टंट कॉफीतही मिळतं, तेही निम्म्या पैशात. शुगर-फ्री घेतली तर साखर वाचते, कॅफिन तेवढंच राहतं.

कॅफिन थकवा घालवत नाही. दिवसभर मेंदूत अॅडेनोसिन नावाचं रसायन साचत जातं, त्यानेच झोप येते. कॅफिन फक्त त्याची जागा अडवून बसतं. साचणं चालूच राहतं, म्हणून असर उतरला की झोप एकदम अंगावर येते. प्यायल्यावर अर्ध्या ते एक तासात जोर सर्वांत जास्त असतो, आणि निम्मं कॅफिन शरीराबाहेर जायला सरासरी पाच तास लागतात (माणसागणिक कमी-जास्त). रात्री अकराला बाटली संपवली की पहाटे चारलाही निम्मी अंगात असते. डोळा लागला तरी झोप उथळ होते, आणि सकाळी पेपरला डोकं जड. पाठ केलेलं डोक्यात बसतं ते झोपेत, तीच इथे कापली जाते.

म्हणून घ्यायचीच तर दुपारी चारच्या आत, आणि रिकाम्या पोटी नको, नाहीतर अॅसिडिटी ठरलेली. भाकरी-शेंगाचटणी पोटात असली तर त्रास कमी. एका वेळी अर्धीच. इथे प्लास्टिकची बाटली कॅनपेक्षा बरी, झाकण लावून ठेवता येतं. मात्र गाडीच्या डिकीत ठेवलीत तर गॅस जाऊन नुसता कोमट पाक उरतो. चव गेली तरी कॅफिन तसंच असतं, त्यामुळे ‘उतरली असेल’ म्हणून वर दुसरी फोडू नका. पेपरच्या दिवशी पहिल्यांदाच घेऊन बघणं हा तर शुद्ध जुगार: हात थरथरला की ड्रॉइंगची रेघ सरळ येत नाही, आणि तीन तासांत लघवीला उठावं लागतं ते वेगळंच.

बेरीजही करा. निरोगी प्रौढाला दिवसाला 400 मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन चालतं असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2015 मध्ये म्हटलं. दोन बाटल्या आणि चार चहांपर्यंत त्या हद्दीत राहता येतं. जिमची प्री-वर्कआउट पावडर आली की गणित फिसकटतं, कारण काहींच्या एका स्कूपमध्येच 200 ते 300 असतं. छातीत धडधडलं तर बाटली बाजूला ठेवा, थांबलं नाही तर डॉक्टर गाठा. दारूत मिसळणं तर नकोच, चढलेली कळत नाही आणि पिणं वाढतं.

सप्टेंबर 2025 पासून या पेयांवर 40 टक्के जीएसटी आहे, तरी छोटी बाटली अजून चहा-वड्याच्या पैशात येते. सवय लागायला तेवढं पुरतं.

रोजची सवय असेल तर एकदम तोडू नका. साधारण 12 ते 24 तासांत डोकं ठणकायला लागतं, चिडचिड होते, आणि हे आठवडाभरही टिकू शकतं. आठवडाभर अर्धी बाटली, मग आठवडाभर तिच्या जागी एक चहा, मग तोही दुपारच्या आत. हे परीक्षा संपल्यावर सुरू करा, ऐन पेपरच्या आठवड्यात नाही.