टेली-मानस १४४१६ : जिन्यात बसून लावलेला फोन

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहे. पोरगं २२ वर्षांचं. डिप्लोमा अर्ध्यावर सोडला, तीन नोकऱ्या सोडल्या, दिवाळीपासून खोलीला आतून कडी. एका रात्री त्याची आई म्हणाली, "अहो, हा काहीतरी करून बसंल." मी जिन्यात बसून १४४१६ लावला. मनाच्या त्रासावर फोनवरून मदत करणारी, सरकारनं १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केलेली ही टेली-मानस सेवा. पैसे पडत नाहीत, रात्रंदिवस चालू असते, मराठीत बोलता येतं.

फोनवर एक ताई होत्या. आधी विचारलं, तो मरणाचं बोलतो का? नाही म्हटल्यावर मी नोकरीचं गाऱ्हाणं सांगायला लागलो. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "काका, शाळेत असताना कसा होता?"

माझी वाचाच बसली. नववीत त्यानं वर्गाची काच फोडली होती. घरी ताट भिरकावायचा. रात्रभर जागा, आणि सकाळी पोटात दुखतंय म्हणून शाळा बुडवायचा. शाळेनं दोनदा बोलावून 'वळण लावा' एवढंच सांगितलं. सगळे म्हणायचे, वय आहे, जाईल. मी पट्टा काढला होता, तेही ताईंना सांगितलं. दहावीनंतर आदळआपट थांबली, पोरगं शांत झालं, आम्हाला वाटलं सुटलो.

ताई म्हणाल्या, राग गेला नसेल, आत गेला असेल. चौदाव्या वर्षी जी चिडचिड दिसते, ती विशीत कधी उदासी नाहीतर भीती होऊन येते. एका फोननं भागणार नाही, डॉक्टरांना दाखवा, असंही त्यांनीच सांगितलं.

पुढं मिरजेच्या डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली, ती आईबापांनी ऐकावी. ऑस्ट्रेलियात १९०० च्या वर मुलामुलींवर १४ वर्षं लक्ष ठेवलं होतं. ज्यांची उदासी, काळजी सहा महिन्यांच्या आत निवळली, त्यातली बरीचशी मोठेपणी ठीक होती. ज्यांची रेंगाळली, त्यांना विशीतही त्रास राहण्याची शक्यता जास्त. म्हणजे वयात आलेलं प्रत्येक पोर आजारी नसतं. पण किती दिवस चाललंय, हे मोजायला हवं. मी रोज पोत्यांची वजनं लिहितो. घरातलं हे सात वर्षं मोजलं नाही.

तो डॉक्टरांकडं येईना, म्हणून दुसऱ्यांदा फोन केला. समजावू नका, स्वतःची चूक एका वाक्यात सांगा, असा सल्ला मिळाला. दाराबाहेर उभा राहून म्हणालो, "तुला नववीपासून दुखत होतं, मला कळलं नाही. मारलं ते चुकलं."

आतून काही आवाज नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाला, "अण्णा, तो नंबर काय आहे?" पाऊण तास बोलला. त्या दिवशी कडी लावली नव्हती.

आता पंधरा दिवसांनी मिरजेला जातो. मी बाहेर बाकावर बसतो.