दुधाच्या कल्चरचा रिपोर्ट त्याच संध्याकाळी आला, तर नमुना तपासलेलाच नाही

जनावरांच्या रक्त-दुधाच्या तपासण्या करून देतो म्हणून नमुने गोळा करणाऱ्या एका कलेक्शनवाल्याने आमच्या जनावरांच्या क्लिनिकचे ९९,५०० रुपये नेले. हिशोब असा: पॅकेजचा अ‍ॅडव्हान्स ४९,५०० (त्यावर म्हणे ६६,००० रुपयांच्या तपासण्या), सेंट्रिफ्यूज (रक्त गरगर फिरवून थर वेगळे करणारं यंत्र) आणि कोल्ड बॉक्सचं डिपॉझिट १८,०००, आणि ‘एक तारखेपासून दर वाढतायत सर, आत्ताच टॉप-अप मारून ठेवा’ म्हणत काढलेले ३२,०००. शेतकऱ्यांना तपासणीचे परत केलेले २३,४०० यात धरलेले नाहीत. ते आम्ही खिशातून दिले, कारण गोठ्यावर तोंड आम्हाला दाखवायचं असतं, त्याला नाही.

प्रीपेड पॅकेजचा धंदा कसा चालतो हे इथल्या कुणाला नव्याने सांगायला नको. पहिले काही रिपोर्ट झकास येतात, मग टॉप-अप, मग फोन ‘स्विच ऑफ’. आमच्या बाबतीत वेगळं एवढंच की फोन बंद व्हायच्या आधीही तपासणी होतच नव्हती. नमुने जात होते, रिपोर्ट येत होते, आणि मधे काहीच घडत नव्हतं.

ज्या रिपोर्टवर शंका यायला हवी होती तो दगडी (कासेची सूज) झालेल्या गाईचा होता. दूध सकाळी अकराला नेलं, आणि संध्याकाळी ७.४० ला व्हॉट्सअ‍ॅपवर कल्चर (जंतू वाढवून ओळखणं) व सेन्सिटिव्हिटी (त्यावर कुठलं औषध चालतं) यांचा पीडीएफ हजर. जंतूचं नाव, प्रत्येक अँटिबायोटिकपुढे झोनचा (औषधाच्या चकतीभोवती जंतू न वाढलेल्या गोलाचा) व्यास मिलिमीटरमध्ये, खाली सही-शिक्का. साडेआठ तासांत! दूध ब्लड अगार आणि मॅकॉन्की प्लेटवर (जंतू वाढवायचं खाद्य भरलेल्या बशा) लावलं की ३७ अंशांवर किमान १८ ते २४ तास ठेवावं लागतं. कॉलनी (जंतूंचा ठिपका) दिसली की त्यातली एक सुटी उचलायची, गरज असेल तर शुद्ध करायला पुन्हा वाढवायची, मॅकफार्लंड ०.५ (गढूळपणाचं ठराविक माप) इतकी गढूळ करून म्यूलर-हिंटन प्लेटवर पसरायची, औषधाच्या डिस्क ठेवायच्या आणि आणखी १६ ते १८ तास थांबायचं. म्हणजे सगळं सुरळीत गेलं तरी दोन दिवस. विचारलं तर पठ्ठ्या म्हणतो, ‘सर, आपली सिस्टिम ऑटोमेटेड आहे, रॅपिड कल्चर.’ व्हिटेकसारख्या जंतू ओळखणाऱ्या ऑटोमॅटिक यंत्रालासुद्धा आधी प्लेटवर वाढलेली शुद्ध कॉलनी लागते. जंतू वाढायचा वेळ कुठलंही सॉफ्टवेअर वाचवत नाही.

त्याच रिपोर्टवर औषधांच्या यादीत नायट्रोफ्युरँटॉइन होतं, लिनेझोलिड होतं. दुभत्या गाईच्या दुधाच्या रिपोर्टवर माणसाच्या लघवीच्या जंतुसंसर्गाचं औषध! माणसांच्या लॅबचा साचा उचलून वर ‘कॅनाइन / बोव्हाइन / कॅप्राइन’ अशी ओळ टाकलेली. आता कुणी म्हणेल, डॉक्टर असून दिसलं कसं नाही. व्यायच्या हंगामात, रात्री गाय अडलेली असताना, मोबाईलवर पीडीएफ उघडून माणूस एकच ओळ बघतो: कशाला सेन्सिटिव्ह आहे? एन्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकपुढे ‘एस’ (सेन्सिटिव्ह) दिसलं, औषध सुरू झालं. यात चूक वाचणाऱ्याची नाही. खोटं छापणाऱ्याची आहे. त्या गाईचा एक सड कायमचा गेला. आता मालक तो हिशोब कुणाकडे मागणार?

यापुढे लॅबला पहिला प्रश्न हा विचारा: प्लेट किती वाजता लावली? उत्तर आलं नाही तर नमुना परत मागा.

शेळीच्या रिपोर्टने तर कहर केला. शेळीच्या पापण्या आतून पांढऱ्याफटक, जबड्याखाली पाणी, पोटातल्या रक्तपित्या हिमॉन्कस जंताचं सरळ लक्षण. आणि रिपोर्ट म्हणतो: हिमोग्लोबिन १३.६, तांबड्या पेशी ४.९ दशलक्ष, एमसीव्ही (तांबड्या पेशीचा सरासरी आकार) ८४, प्लेटलेट २.६ लाख. हे आकडे धडधाकट माणसाचे आहेत. शेळीचा एमसीव्ही १६ ते २५ फेम्टोलिटर असतो, तांबड्या पेशी ८ ते १८ दशलक्ष, हिमोग्लोबिन ८ ते १२. गाईचा एमसीव्ही ४० ते ६०, कुत्र्याचा ६० ते ७७. एमसीव्हीचे हे तीन आकडे भिंतीवर लावून ठेवा, बाकी काही नाही केलं तरी चालेल.

यातली खरी गोम अशी. त्याने रक्त निदान शेजारच्या माणसांच्या लॅबच्या मशिनवर घातलं असतं तरी असा गोंडस रिपोर्ट आला नसता. माणसांसाठी लावलेल्या सेल काउंटरला साधारण ३० फेम्टोलिटरच्या आतली पेशी ही प्लेटलेट वाटते. शेळीच्या तांबड्या पेशी तेवढ्याच, त्यामुळे त्या प्लेटलेटच्या खात्यात जातात: प्लेटलेट अचाट वाढलेल्या दिसतात आणि तांबड्या पेशी जवळजवळ गायब. म्हणजे रिपोर्ट वेडावाकडा आला असता तर रक्त मशिनवर तरी चढलं असं म्हणता आलं असतं. हा सुबक होता, म्हणूनच तो टेबलावर बसून टाइप केलेला होता.

मग आम्ही सापळा लावला. टेट्रापॅकमधलं यूएचटी (अति उष्णतेने जंतू मारलेलं) दूध निर्जंतुक सिरिंजने काढून, निर्जंतुक व्हायलमध्ये भरून, वर ‘एचएफ क्रॉस, मागचा डावा सड’ असं, म्हणजे संकरित गाईचं दूध म्हणून, लिहून पाठवलं. न उघडलेल्या पाकिटातल्या त्या दुधात काही उगवायला नको. रिपोर्ट आला: ‘स्टॅफिलोकोकस ऑरियस, हेवी ग्रोथ.’ एकाच शेळीचं ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) घातलेलं रक्त दोन व्हायलमध्ये करून एकावर शेळी, एकावर गाय लिहिलं. दोन वेगवेगळे रिपोर्ट, दोन्ही ‘नॉर्मल’. शेळीचा एमसीव्ही ८३, गाईचा ८६. जनावर कुठलंही असो, त्याच्याकडे रक्त माणसाचंच. ही तिन्ही पीडीएफ, भरलेल्या फॉर्मचे फोटो आणि टेट्रापॅकचा बॅच नंबर आमच्याकडे आहे. नवीन लॅब लावताना अ‍ॅडव्हान्सच्या आधी हे करा, नंतर नाही. पाचसहाशे रुपयांत निकाल लागतो.

मोठ्या जनावराच्या ‘लिव्हर प्रोफाइल’मध्ये एसजीपीटी हे एन्झाइम मुख्य म्हणून विकत असेल तर तिथेही सावध व्हा. गाई-म्हशीत यकृतासाठी एसजीपीटी फारसं काही सांगत नाही. जीजीटी आणि एएसटी ही एन्झाइम लागतात. जनावरांची खरी लॅब चालवणाऱ्याला हे विचारावं लागत नाही.

आता कागदपत्रं. ‘तुम्ही कागद तपासले नाहीत का?’ असं ऐकवणाऱ्यांसाठी: तपासले. एनएबीएलचं (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) प्रमाणपत्र दाखवलं होतं, लोगोसकट, नंबरसकट. फक्त नंबर ‘एमसी’ने सुरू होत होता. एमसी म्हणजे माणसांच्या वैद्यकीय लॅबसाठीचं, आयएसओ १५१८९ खालचं. जनावरांच्या तपासण्या सहसा आयएसओ/आयईसी १७०२५ खाली, ‘टीसी’ नंबराने येतात. प्रमाणपत्र खरं होतं, पण भलत्याच शहरातल्या भलत्याच लॅबचं. नाव बदलून छापलेलं. एनएबीएलच्या साइटवर नंबर टाकला की लॅबचं नाव, मुदत आणि स्कोप (कुठल्या तपासण्यांना मान्यता आहे ती यादी) दिसतो. स्कोप उघडाच. त्यात प्राण्यांचं रक्त, सीरम, दूध आणि तपासणीची पद्धत ओळीने लिहिलेली नसेल तर त्या कागदाची किंमत शून्य. बिलावरचा जीएसटी नंबर २७ ने सुरू होत होता, म्हणजे महाराष्ट्राचा, तोही खरा. पोर्टलवर टाकल्यावर निघाला मालवाहतुकीच्या एका फर्मचा. नंबर खरा असला म्हणून माणूस खरा ठरत नाही, एवढा बनेलपणा एका कलेक्शनवाल्याकडे असेल असं कोण धरून चालतं?

डिपॉझिटचं सेंट्रिफ्यूज आलं, ते माणसांच्या लॅबचं भंगार. कार्बन ब्रश झिजलेले, तीन हजारांच्या वर आरपीएम जातच नाही. विषय संपला.

आणि आता ज्यांच्याकडे दाद मागायची ते.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न: ‘जनावर मेलं का?’ नाही मेलं. ‘मग नुकसान काय?’ दुसरा प्रश्न: ‘रिपोर्ट खोटा आहे हे कोण सांगणार, तुम्हीच ना?’ टेट्रापॅकची गोष्ट समजावून सांगितली तर हवालदार शेजारच्याला म्हणाले, ‘हे बघ, डॉक्टर दुधाच्या पाकिटाचं रक्त तपासायला गेले.’ हशा. मग ‘ही दिवाणी बाब आहे, वकील करा’. खोटं प्रमाणपत्र छापणं, दुसऱ्याचा जीएसटी नंबर बिलावर टाकणं, न केलेल्या तपासणीचे पैसे घेणं, हे सगळं दिवाणी! भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम फसवणुकीसाठीच आहे ना? सायबरवाल्यांनी सांगितलं, पैसे तुम्ही स्वतः यूपीआयने दिलेत, ओटीपी चोरीला गेला नाही, हा व्यापारातला वाद आहे. माणसांच्या आरोग्य खात्याचं उत्तर: जनावरांची लॅब आमच्याकडे येत नाही. जनावरांच्या खात्याचं उत्तर: खासगी लॅबची नोंद आमच्याकडे नाही, आणि नोंदच नाही तर कारवाई कशावर? म्हणजे नोंद न करणारा सगळ्यात सुरक्षित. अर्जाची पोच मागितली तर ‘साहेब मीटिंगला गेलेत’. लाळ्या-खुरकुताच्या लसीकरणाचे आकडे मागायला हेच साहेब रविवारी फोन करतात, तेव्हा मीटिंग नसते. ब्रुसेलाचे (गाभ टाकायला लावणारा, माणसालाही होणारा रोग) आकडे भरायला खासगी डॉक्टर चालतो, त्याची फसवणूक झाली की तो ‘खासगी’ होतो.

ग्राहक आयोगाचा रस्ता बघितला तर तिथे २०१९ च्या कायद्यातली ‘व्यावसायिक हेतू’ची अट आडवी येते. धंद्यासाठी सेवा घेणारा ग्राहक नाही म्हणे. पण त्याच व्याख्येत स्वयंरोजगारातून स्वतःचा उदरनिर्वाह करणाऱ्याला सूट आहे, जरी तिथे शब्द विकत घेतलेल्या वस्तूंचेच आहेत, सेवेचे नाहीत. एकट्या-दुकट्याने चालवलेलं क्लिनिक असेल तर तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात हे लिहा, नाहीतर दाखल होण्याआधीच घोडं अडतं. आणि यातला विनोद बघा: शेतकरी मात्र पक्का ग्राहक. तो उद्या आमच्यावर तक्रार करू शकतो. चोर मोकळा, रिपोर्ट पुढे देणारा आरोपी.

ठाण्यात घेतलं नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (बीएनएसएस) १७३ (४) खाली तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा आणि पोस्टाची पावती जपा. पैसे नुकतेच गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर त्याच दिवशी फोन करा. उशीर झाला की खातं रिकामं.

सगळ्यात जास्त चीड ब्रुसेलाच्या रिपोर्टांची येते. गाभ टाकलेल्या गाईंचं सीरम दिलं, सरसकट ‘निगेटिव्ह’. वार हाताने काढणारे आम्ही, दूध पिणारी घरातली माणसं, आणि हा टेबलावर बसून ‘निगेटिव्ह’ टाइप करतोय. ब्रुसेलाची रोझ बंगाल चाचणी बाहेर पाठवूच नका. ३० मायक्रोलिटर सीरम, तेवढंच अँटिजेन (चाचणीचं रंगीत द्रावण), पांढऱ्या टाइलवर मिसळा, चार मिनिटं हलवत बघा, गुठळ्या धरल्या की पॉझिटिव्ह. अँटिजेन फ्रीजमध्ये ठेवा आणि वापरण्याआधी अँटिजेन व सीरम दोन्ही खोलीच्या तापमानाला येऊ द्या. कालवडीला चार ते आठ महिन्यांत स्ट्रेन १९ ची लस दिली असेल तर पुढेही पॉझिटिव्ह दिसू शकते. ते टोचणीच्या नोंदीशी ताडून बघा आणि कॉम्पिटिटिव्ह एलायझा चाचणीने (ती लसीमुळे आलेले पॉझिटिव्ह बरेचसे गाळते) पक्कं करा.

गोचीड तापाची काचपट्टीही स्वतःच ओढा, रक्त ताजं असताना, बबेसिया या रक्तातल्या परजीवीसाठी कानाच्या टोकाचं. मिथेनॉलमध्ये फिक्स करून मगच पाठवा आणि काच परत मागा. ‘नो हिमोप्रोटोझोआ सीन’ (रक्तात परजीवी दिसले नाहीत) लिहिणाऱ्याने काच दाखवलीच पाहिजे. आमच्या एकाही रिपोर्टमागे काच नव्हती, फोटोसुद्धा नव्हता. पीसीव्हीसाठी (रक्तातल्या तांबड्या पेशींचा टक्का) मायक्रोहिमॅटोक्रिट यंत्र ठेवा: केशनळी, १०,००० ते १२,००० आरपीएम, पाच मिनिटं. लॅबचं हिमोग्लोबिन गुणिले तीन हे साधारण या पीसीव्हीजवळ आलं नाही तर फोन लावा.

बाहेर पाठवायचंच असेल तर पुण्यात औंधचा रोग अन्वेषण विभाग आहे, शिरवळ आणि परळची पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. आधी फोन करा, डॉक्टरच्या पत्रासह पाठवा. दुधाचा नमुना अँटिबायोटिकच्या आधीच घ्या: सडाचं टोक ७० टक्के अल्कोहोलने पुसून, पहिल्या धारा टाकून, व्हायल आडवी धरून ५ ते १० मिली, मग बर्फात. वेळ लागतो, तिथे ‘सर सर’ करणारं कुणी नसतं, पण प्लेट खरंच लावतात.

ज्यांच्याकडे अशाच छापाचे रिपोर्ट असतील (एमसीव्ही ८० च्या वर, दुधाच्या रिपोर्टवर नायट्रोफ्युरँटॉइन, कल्चर त्याच दिवशी), त्यांनी उरलेलं सीरम टाकू नका, लेबल लावून उणे २० ला ठेवा. मूळ पीडीएफ फॉरवर्ड न करता जसाच्या तसा साठवा, त्यात फाइल कधी तयार झाली ती वेळ असते. आमच्या तीन रिपोर्टांत ती वेळ नमुना उचलण्याच्या आधीची निघाली आहे.