लाइटनिंगला घरी ८० अँपिअरचा चार्जर लागत नाही

आमच्या मंडळातल्या दोघातिघांनी विजेवरचे पिकअप घेतले आणि सगळ्यांचा प्रश्न एकच: घरी चार्जर कोणता बसवायचा? माझं उत्तर ठरलेलं आहे. एम्पोरिया प्रो, ४८ अँपिअरचा, प्लग न लावता थेट वायरीने जोडलेला. आम्ही डेट्रॉइटच्या पश्चिमेला कॅन्टनला राहतो. घर १९८०च्या दशकातलं, पॅनेल (घराचा मुख्य वीज-बोर्ड) १५० अँपिअरचं, आणि ट्रक फोर्ड एफ-१५० लाइटनिंग, २०२३चा, मोठ्या बॅटरीचा, म्हणजे १३१ युनिटांचा.

सगळ्यांची नजर आधी जाते फोर्डच्या ८० अँपिअरच्या चार्ज स्टेशन प्रोवर. आकडे भुरळ घालतात हे खरं. फोर्डच्याच तक्त्यात १५ टक्क्यांवरून १०० वर जायला याला ८ तास लागतात, ४८ अँपिअरवाल्याला १३. पण रोज रात्री एवढी रिकामी बॅटरी घेऊन घरी कोण येतं? माझं जाणं-येणं ६० मैलांचं. ईपीएच्या (अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या) हिशेबाने हा ट्रक १०० मैलांना ४८ युनिटं घेतो, म्हणजे माझी रोजची २९. ती तीन तासांत भरून निघतात, जानेवारीत चार-पाच धरा. रात्र तेवढी मोठी असतेच.

उलट ८० अँपिअरसाठी १०० अँपिअरचा ब्रेकर लागतो. चार्जर सलग तासन्‌तास चालतो, म्हणून कोड (अमेरिकेतले वायरिंगचे नियम) सव्वापट ब्रेकर मागतो. १५० च्या पॅनेलमधले १०० एकट्या ट्रकला दिले तर ओव्हन, ड्रायर आणि एसीला काय उरणार? मग पॅनेल बदला, बाहेरची लाइन मोठी घ्या, खर्च चार्जरच्या कितीतरी पट. लहान बॅटरीच्या लाइटनिंगमध्ये तर ट्रकच्या आतलाच चार्जर ११.३ किलोवॅटचा आहे, भिंतीवर काहीही लावलं तरी तो जास्त घेणार नाही. वीज गेल्यावर ट्रकमधून अख्खं घर चालवायचं असेल तरच फोर्डचा प्रो घ्या, कारण ट्रकमधून घराला वीज देणारा फोर्डचा संच त्याच्याशिवाय चालत नाही. आम्हाला वादळात फ्रिज आणि बेसमेंटमधलं पाणी उपसणारा सम्प पंप चालू राहिला की पुरे. त्याला ट्रकच्या हौद्यातले सॉकेट आहेत.

एम्पोरिया मला आवडला तो पॅनेलवर लक्ष ठेवतो म्हणून. पॅनेलमध्ये मुख्य वायरींभोवती दोन सेन्सर चिमट्यासारखे बसवतात. घरात एकूण किती वीज जातेय ते चार्जरला कळतं आणि तो त्याप्रमाणे आपला वाटा कमी-जास्त करतो. संध्याकाळी ड्रायर फिरतोय, ओव्हन तापलाय, अशा वेळी फोनवर बघा: ट्रकचे अँपिअर खाली उतरलेले असतात. ड्रायर थांबला की परत वर चढतात. आम्हाला काही करावं लागत नाही. पॅनेल न बदलता ४८ अँपिअर मिळाले ते यामुळेच.

आता प्लगचं. १४-५० चा (विजेच्या शेगडीला लागतो तो ५० अँपिअरचा) सॉकेट लावून त्यात चार्जर खोचायचा, हा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नका. दुकानात मिळणारे स्वस्त सॉकेट शेगडीसाठी असतात, जी अर्धा-पाऊण तास चालते. चार्जर रोज कित्येक तास ओढतो. सॉकेट आतून तापतो, प्लास्टिक वितळल्याचे फोटो तुम्हीही पाहिले असतील. शिवाय ५० च्या सॉकेटवर ४० अँपिअरच घेता येतात, आणि नव्या कोडप्रमाणे त्याला लागणारा महागडा जीएफसीआय ब्रेकर (विजेची गळती दिसली की बंद पडणारा) चार्जरच्या स्वतःच्या संरक्षणाशी अनेकदा जुळत नाही. मध्यरात्री ट्रिप होतो आणि सकाळी ट्रक तसाच.

वायरीबद्दल इलेक्ट्रिशियनला स्वतः विचारा. आमच्याकडे कोटेशन द्यायला आलेल्या एकाने ४८ अँपिअरला लागणाऱ्या ६० च्या ब्रेकरवर ६ गेजची रोमेक्स (एकाच आवरणात सगळ्या तारा असलेली केबल) लिहून दिली होती. ती ५५ अँपिअरपर्यंतच चालते. कॉन्ड्युटमधून (पाइपातून) ६ गेजच्या सुट्या टीएचएचएन वायरी किंवा मग ४ गेजची, म्हणजे आणखी जाड, रोमेक्स, हे पर्याय बरोबर. ज्याला काम दिलं त्याने प्रत्येक स्क्रू टॉर्क-रेंचने, चार्जरवर छापलेल्या मापाला आवळला. रेंचचा ‘टक’ आवाज ऐकून मला फार बरं वाटलं. परमिट काढायला लावा, टाउनशिपचा इन्स्पेक्टर येऊन बघून गेला की झोप नीट लागते.

जागा ठरवताना आधी ट्रक उभा करून बघा. चार्जिंगचं झाकण ड्रायव्हरच्या बाजूला, पुढच्या चाकाच्या मागे-वर आहे. ट्रक साडेएकोणीस फूट लांब. आमच्या गराजमध्ये तो मावत नाही, बाहेर ड्राइव्हवेवर असतो. म्हणून चार्जर गराजच्या दाराला लागून डाव्या भिंतीवर घेतला. कनेक्टरचं तोंड नेहमी खाली करून होल्स्टरमध्ये (भिंतीवरच्या खोबणीत) ठेवा. खटक्यात पाणी जाऊन गोठलं की तो दाबला जात नाही, आणि उणे पंधरात हातमोजे काढून त्याच्याशी झगडणं नको वाटतं. एम्पोरियाबद्दल एकच तक्रार: कडाक्याच्या थंडीत केबल ताठ होते, गुंडाळताना जोर लावावा लागतो.

घरात टेस्लाही असेल तर टेस्लाचा युनिव्हर्सल वॉल कनेक्टर बघा, ४८ अँपिअरचाच आहे आणि दोन्ही प्रकारच्या गाड्यांना चालतो. अ‍ॅप, वायफाय काहीच नको असेल तर कॅनडातला ग्रिझल-ई क्लासिक, ४० अँपिअर, धातूच्या पेटीतला.

एक शेवटचं, पैशाचं. बसवण्याच्या खर्चासह ३० टक्के, जास्तीत जास्त १,००० डॉलर, केंद्राच्या करातून वजा मिळतात. फॉर्म ८९११ भरायचा. मात्र घर पात्र सेन्सस ट्रॅक्टमध्ये (जनगणनेसाठी आखलेल्या भागात) हवं आणि चार्जर ३० जून २०२६ पर्यंत बसवून चालू झालेला हवा; त्यानंतरच्याला ही सवलत नाही. ट्रॅक्ट आधी तपासा, मगच ते पैसे हिशेबात धरा.