किडनीची पहिली तपासणी: मेडिकलमध्ये, लॅबमध्ये की पालिकेच्या दवाखान्यात?

किडनीचा आजार बराच काळ दुखत-खुपत नाही. पायावर सूज, लघवीला फेस, धाप हे सगळं दिसेपर्यंत पुष्कळ नुकसान होऊन गेलेलं असतं. मधुमेह, बीपी किंवा हृदयविकार असेल, घरात कुणाला किडनीचा त्रास असेल किंवा साठी उलटली असेल, तर काहीही होत नसतानाच तपासून घ्यावं. मुंबईत त्यासाठी तीन ठिकाणं हाताशी आहेत.

नाक्यावरच्या मेडिकलमध्ये नंबर लावावा लागत नाही, खाडा पडत नाही. अनेक दुकानांत बीपी मोजून मिळतं, बोटातून थेंबभर रक्त घेऊन साखरही बघतात. पण मला मेडिकलचा सगळ्यात मोठा उपयोग वाटतो तो गोळ्यांच्या बाबतीत. गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक, कंबरेसाठी असेक्लोफेनॅक आपण बिनचिठ्ठीचं नेतो, आणि ते डॉक्टरांच्या कानावर जातच नाही. बीपीच्या पुष्कळ गोळ्यांत टेल्मिसार्टनसोबत लघवी वाढवणारं औषध असतं. त्यावर पेनकिलर सुरू झाली आणि त्यातच जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालं, तर किडनी अचानक कोलमडू शकते. नेहमीच्या गिऱ्हाईकाच्या दोन्ही गोळ्या एकाच काउंटरवरून जातात, त्यामुळे हा धोका सगळ्यांत आधी फार्मासिस्टच्याच लक्षात येऊ शकतो. पुढच्या वेळी सगळ्या स्ट्रिप्स समोर ठेवा आणि सरळ विचारा.

मात्र एवढ्यावर किडनी ठीक आहे असं म्हणता येत नाही. लघवीत बुडवायची साधी पट्टीही सुरुवातीला लघवीत उतरणारं थोडं अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रोटीन) पकडत नाही. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात फार्मासिस्ट स्वतः रक्ताची तपासणी लिहून देऊ शकतात. आपल्याकडे पुढचा रस्ता आपणच धरायचा.

तो लॅबचा. इथे दोन गोष्टी नाव घेऊन मागा: रक्तातल्या क्रिएटिनिनवरून (किडनी बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) काढलेला ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती गाळते त्याचा अंदाज, आणि लघवीची एसीआर, म्हणजे अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण. नुसत्या क्रिएटिनिनवर समाधान मानू नका. २५ वर्षांच्या तरुणाचं क्रिएटिनिन १.२ असेल तर ईजीएफआर साधारण ८६ येतो, तेच १.२ पासष्टीच्या बाईंचं असेल तर जेमतेम ५०. रिपोर्टवर दोघांचाही आकडा नॉर्मलच्या आत छापलेला असू शकतो. ‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजात क्रिएटिनिन असतं, एसीआर मात्र बऱ्याचदा नसते, आणि मधुमेह्यांत बिघाड अनेकदा आधी तिथेच दिसतो. एसीआरला सकाळची पहिली लघवी उत्तम. ताप, लघवीचा संसर्ग किंवा पाळी चालू असेल तर थांबा. आदल्या रात्री मटणावर ताव मारू नका, क्रिएटिनिन तात्पुरतं चढतं.

पालिकेच्या ‘आपला दवाखाना’त पैशांची चिंता नाही आणि डॉक्टर समोर असतात, ही दोन्ही बाबतींत लॅबपेक्षा उजवी बाजू. रिपोर्टसाठी पुन्हा यावं लागू शकतं. एसीआर तिथे होते का, हे केसपेपर काढतानाच विचारा. पुढे गरज लागली तर केईएम, सायन किंवा नायरला पाठवतात.

मधुमेह किंवा बीपी आधीच असेल तर माझं मत स्पष्ट आहे: मेडिकलमधल्या मोजणीवर थांबू नका. खर्च झेपत असेल तर लॅब, नसेल तर दवाखाना, आणि दोन्ही चाचण्या दरवर्षी. चाळिशी ओलांडूनही ज्यांनी बीपी कधी मोजलेलंच नाही, त्यांनी मात्र आज घरी जाताना मेडिकलमध्ये थांबावं. अशा माणसाला लॅबपर्यंत नेणं कठीण असतं, काउंटरपर्यंत तो रोज जातोच. थोडं बसून मोजल्यावरही १४०/९० किंवा वर आलं, तर लवकर डॉक्टरांना दाखवून या दोन चाचण्या करून घ्या.

ईजीएफआर ६० च्या खाली किंवा एसीआर ३० मिग्रॅ/ग्रॅमच्या वर आली तर रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा. एका रिपोर्टवर घाबरू नका. आजार जुना आहे हे ठरायला बिघाड तीन महिन्यांहून जास्त टिकलेला दिसावा लागतो. ईजीएफआर ३० च्या खाली असेल तर मात्र तीन महिने वाट न पाहता थेट किडनीतज्ज्ञांकडे जा, आणि जाताना पेनकिलरसकट सगळ्या गोळ्यांची यादी सोबत न्या.