एएमव्हीला गाणं कुठलं: गाजलेलं की क्रिएटिव्ह कॉमन्सवालं?

एएमव्ही म्हणजे अ‍ॅनिमेच्या दृश्यांना गाणं जुळवून केलेला व्हिडिओ. तो एडिट करायला बसलं की पहिला घोळ गाण्याचाच. गाजलेलं गाणं घेतलं तर निम्मं काम तेच करतं, कोरस चढला की बरोब्बर तिथे तलवारीचा कट, बघणाऱ्याच्या अंगावर काटा. पण कॉपीराइटचं लचांड मागे लागतंच. २००५ मध्ये विंड-अप रेकॉर्ड्स या म्युझिक लेबलने पत्र पाठवून इव्हानेसन्स, क्रीड, सीदर या बँडच्या गाण्यांवरचे एएमव्ही उतरवायला लावले होते, हजारो व्हिडिओ गेले. आता यूट्यूबची कंटेंट आयडी ही आपोआप तपासणारी यंत्रणा अपलोड करतानाच गाणं ओळखते. क्लेम, म्हणजे गाण्यावर मालकाचा दावा, आला तर जाहिरातीचे पैसे लेबलला जातात नाहीतर व्हिडिओ ब्लॉक, पण कॉपीराइट मोडल्याचा स्ट्राइक हे प्रकरण वेगळं, ९० दिवसांत ३ आले की चॅनेलच साफ. पिच वाढवली की सुटतं म्हणतात, माझा तर पाच मिनिटांत पकडला गेला आणि वर गाणं खारीने म्हटल्यासारखं वाजत होतं ते वेगळंच.

क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये (सीसी), म्हणजे कलाकाराने काही अटींवर वापरायला आधीच परवानगी दिलेल्या गाण्यांत, झोप शांत लागते, फक्त लायसन्स नीट वाचा. बीवाय (श्रेय द्या) असेल तर डिस्क्रिप्शनमध्ये कलाकाराचं नाव आणि लायसन्सची लिंक टाका, झालं. एनडी (रूपांतर नको) दिसलं की सोडून द्या, कारण गाणं व्हिडिओला जुळवणं हेच या लायसन्सच्या हिशोबात रूपांतर.

आणि हो, चित्रांचा कॉपीराइट अ‍ॅनिमे स्टुडिओकडेच राहतो, गाणं कुठलंही लावा. मी मारामारीला सीसी ट्रॅक वापरते, रडक्या सीनला मात्र अजून गाजलेलंच, पैशांची आशा सोडून.